सात आकड्यांचं ऋण

तिवशाच्या आमच्या शाळेत बास्केटबॉलचं मैदान मातीचं होतं. सकाळी सर आधी पाणी शिंपायचे, मग दोरी ताणून फक्कीने रेषा आखायचे. पीटीचे हे सर अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये सुरू केलेली ही संस्था मल्लखांब-कुस्तीसाठी नावाजलेली. सर तिथून आमच्यासाठी बास्केटबॉल घेऊन आले.

1996 मध्ये आम्ही प्रत्येक सामना हरत होतो. शहरातली उंच पोरं रिंगखाली उभी राहिली की आमचे हातही पोचत नसत. सर म्हणाले, "पोट्टेहो, उंची का बाजारात भेटते? माणसापेक्षा बॉल जास्त पयते, हे ध्यानात ठेवा."

मग सरांनी खेळच बदलला. रिबाउंड ज्याच्या हाती लागेल, त्याने ड्रिबल करायचं नाही; बॉल लगेच बाजूच्या रेषेवरच्या गड्याकडे फेकायचा. दोघांनी दोन्ही कडांनी सुसाट निघायचं, मधला भाग मोकळा सोडायचा. उंच पोरं वळेपर्यंत आम्ही त्यांच्या रिंगपाशी. नियमाने तेव्हा शॉट मारायला 30 सेकंद मिळत. सर मोठ्याने फक्त सातपर्यंत मोजत. "नेम चुकला त बोलनार नाई, उशीर झाला त बोलीन." दम टिकावा म्हणून बाराही जणांना आळीपाळीने उतरवत. आम्ही जिंकू लागलो असं नाही, पण समोरचे धापा टाकू लागले.

पुढे 2005 मध्ये पुण्याच्या खोलीवर टीव्हीवर अमेरिकेतल्या फिनिक्स सन्सचा खेळ पाहिला. आदल्या मोसमात 82 पैकी 29 सामने जिंकलेला हा संघ प्रशिक्षक माइक डॅन्टोनींच्या हाताखाली, स्टीव्ह नॅशच्या पासांवर 62 सामने जिंकला. सात सेकंदांच्या आत शॉट, हीच त्यांची ओळख. मी खोलीत एकटाच मोठ्याने मोजत होतो, तेही सरांच्या हेलात.

त्या सातांत माझी एक चूक अडकलेली आहे. अमरावतीच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला डावीकडे मित्र मोकळा होता. मी पास दिला नाही, एकटाच घुसलो. दोन गुणांनी हरलो.

परतीच्या एसटीत कुणी माझ्याशी बोलेना. मोझरी मागे पडल्यावर सरांनी पिशवीतून एक संत्रं काढलं, सोललं, पहिली फोड माझ्या हातावर ठेवली. मी तोंडाकडे नेणार तोच म्हणाले, "हातात ठेवू नोको. समोर दे."

दिली. मग दुसरी, तिसरी. फोडी माझ्या हातातून पुढच्या बाकांवर गेल्या. शेवटची फोड सरांनी मला खायला लावली. तिवशाला उतरताना पाहिलं, सरांच्या मुठीत नुसती साल होती.