पान उलटल्यावर अंतरा

"मल्लिकार्जुन मन्सूर ऐकलेत का हो तुम्ही?" असं कोणी विचारलं की आत्या म्हणायची, "ऐकले नाहीत, वाचलेत." यात हसण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलं नाही.

सटाण्यात आमचं घर देवमामलेदारांच्या मंदिरापासून हाकेच्या अंतरावर. त्या घरात शास्त्रीय संगीत आलं ते टपालाने. महिन्यातून एकदा, भुऱ्या कागदाच्या पट्टीत गुंडाळलेलं, पट्टीवर शाईने आत्याचं नाव आणि वर्गणीदार क्रमांक. 'संगीत कला विहार', मिरजेहून. गांधर्व महाविद्यालय मंडळाचं हे मासिक 1947 सालचं. ते नावारूपाला आणलं प्रा. बी. आर. देवधरांनी, म्हणजे कुमार गंधर्वांच्या गुरूंनी. सटाण्याला रेल्वे नाही. मिरज, पुणे, दौंड, मनमाड अशी गाडी आणि पुढे मालेगावावरून एसटी, असा त्या अंकाचा प्रवास मी शाळेच्या नकाशावर बोटाने आखला होता. खरा कसा यायचा कोण जाणे. पोस्टमन मात्र तो पिशवीतून काढताना म्हणायचा, "घ्या बाई, तुमचं गाणं आलं."

पट्टी फाडायची नाही, सोडवायची, हा पहिला नियम. तिच्या कोऱ्या बाजूवर पुढे महिनाभर भाजीचा हिशेब चाले. अंक उघडायचा तो रात्रीची भांडी झाल्यावर आणि चौथीच्या वह्या तपासून संपल्यावर. आत्या प्राथमिक शिक्षिका होती आणि माहेरीच राहिली होती. का, ते घरात कोणी बोललं नाही. मीही इथे बोलणार नाही. ती आधी मैफलींचे वृत्तान्त वाचे. ते दोन-तीन महिने शिळे असत. आत्याला त्याचं काही नव्हतं. पुण्यात कोणी मारवा किती वेळ गायला, तबल्याला कोण होतं, मध्यंतरानंतर काय झालं, हे ती मला अशा चवीने सांगे की मला वाटे ती दुपारच्या एसटीने जाऊन आली असावी. शेजारच्या माय दाराशी टेकून विचारत, "कागदवरनं गानं तुले कसं ऐकू येस व बाई?" आत्या म्हणे, "हळू वाचलं की येतं."

हळू म्हणजे किती हळू, ते मी पाहिलेलं आहे. बोट ओळीखाली, ओठ हलताहेत, आणि मधेच मान अशी डोलते की समोर कोणीतरी सम गाठली.

समासात तिची एक खूण असे: पेन्सिलीने बारीक 'ऐ.' आणि तारीख. ज्याच्याबद्दल वाचलं तो गायक, तो राग किंवा ती बंदिश नंतर प्रत्यक्ष कानावर पडली, की जुना अंक शोधून ती खूण करायची. 'ऐ.' बहुतेक शनिवारच्याच तारखांचे. आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम 1952 पासून शनिवारी रात्री असे. ट्रान्झिस्टर खिडकीत, एरियल गजाला बांधलेली, अंक मांडीवर. विलंबित रंगात आलं की खरखर सुरू व्हायची आणि आत्या हाताने 'थांब, थांब' करायची, जणू ती खरखर म्हणजे दंगा करणारा चौथीचा मुलगा. केसरबाई केरकरांच्या लेखापुढे मात्र 'ऐ.' नाही. अनेक वर्षांनी मी तिला सांगितलं की 1977 साली व्हॉयेजर यानावर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. ती आता ग्रहांच्याही पलीकडे गेली. आत्या जरा गप्प बसली. मग म्हणाली, "वाटेत सटाणा लागलं नसेल."

तिचं स्वतःचं गाणंही कागदावरूनच आलेलं. गुरू नाही. भातखंड्यांची क्रमिक पुस्तकं, एक जुनी पेटी आणि हे अंक. भातखंड्यांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक आणि पायाशी टिंब म्हणजे मंद्र. पलुस्करांच्या लिपीत डोक्यावरचं टिंब म्हणजे मंद्र. तार सप्तकाला उभी रेघ. पलुस्करी लिपीतली पहिली बंदिश हाती आली तेव्हा बाकीच्या खुणा निराळ्या आहेत हे तिने ओळखलं, समेला फुलीऐवजी एकचा आकडा हेही तिने जुळवून घेतलं. पण टिंब ते टिंब, त्यात काय विचारायचं! ती बंदिश दरबारी कानड्याची होती. ज्या रागाने खालच्या स्वरांत रेंगाळायचं, तो आमच्या घरात एक अख्खा पावसाळा गळ्याच्या शिरा ताणून गायला गेला. आजोबा ओसरीवरून विचारत, "दरबार आहे का बाजार?" पुढे कुठल्याशा अंकात खुणांचा तक्ता मिळाला. तो वाचून आत्या इतकी हसली की पेटीचा भाता उघडाच राहिला.

कोजागिरीला एकदा ती मला मुल्हेरला घेऊन गेली. उद्धवमहाराजांच्या समाधीपाशी त्या रात्री रासक्रीडा असते. केळीच्या पानांनी सजवलेलं मोठं चक्र वर चढवतात आणि खाली रात्रभर पदं चालतात. पिढ्यान् पिढ्या पाठ असलेली पदं. कोणासमोर वही नाही. आत्याने पिशवीतून वही आणि पेन्सिल काढली, स्वर उतरवून घ्यायला. पहिल्या पदाचे दोन आवर्तनांचे स्वर तिने लिहिले, तिसऱ्याला खोडले, मग नुसतं 'सारंग?' असं लिहिलं. पहाटे पाहिलं तर वहीत शेंगांची टरफलं होती. परतीच्या एसटीत म्हणाली, "लिहायला बसलं की ऐकायचं राहतं." पुढच्या महिन्याचा अंक आला तो तिने नेहमीसारखाच, बोट ओळीखाली ठेवून वाचला. मुल्हेरचं त्या वाचण्यावर काही उमटलं असावं अशी माझी समजूत होती. पण तसं काही दिसलं नाही, हे खरं.

गेल्या फाल्गुनात आत्या गेली. मी नाशिकला होतो. दहाव्यानंतर लगेच परतलो. महिन्याभराने घरून फोन आला, माळ्यावर मासिकांचे गठ्ठे आहेत, काय करायचं? मी कामात होतो. "द्या देऊन," म्हणालो. हे दोन शब्द मीच म्हणालो, दुसऱ्या कोणावर ढकलायला जागा नाही. सटाण्यात रद्दीला गिऱ्हाइकांचा तोटा नसतो. डाळिंबाच्या खोक्यांत फळं घासू नयेत म्हणून कातरलेला कागद घालतात. तिथेच गेले असतील का, ते मला माहीत नाही. पण तेव्हापासून नाशिकच्या बाजारात उघड्या खोक्यापुढून जाताना मी त्या कातरणात पेन्सिलीची खूण शोधतो. अजून तरी फक्त वर्तमानपत्रंच दिसली.

एकेचाळीस अंक राहिले. पेटीच्या खोक्यात, पेटीखाली होते म्हणून. ते मी घेऊन आलो. ते नेहमी हाताशी लागणारे अंक असणार. कडा तेलकट, मधल्या पिना गंजलेल्या. त्यांतल्या एकात भीमपलासची मध्यलय त्रितालातली बंदिश आहे. ती आत्याने मला शिकवली होती, म्हणजे ती गात असे आणि मी गुडघ्यावर ठेका धरत असे. स्थायी उजव्या पानाच्या तळाला संपते. अंतरा पान उलटल्यावर. तिचा डावा हात भात्यावर आणि उजवा पट्ट्यांवर; पान उलटायचं तर एक हात सोडावा लागे. स्थायी संपली की ती उजवा हात उचले, बोट जिभेला लावी, पान उलटी, चष्मा वर सारी. पेटी तेवढ्यात धापा टाकत विझत जाई. माझा ठेकाही थांबे. असतील सहा-सात मात्रा, पण मोजणार कोण? मग अंतरा. बंदिश तिला केव्हाच पाठ झाली होती, तरी पान उलटायचं ती सोडत नसे.

त्या बंदिशीपुढे 'ऐ.' नाही. म्हणजे ती तिने दुसऱ्या कोणाच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. परवा मला ती मोबाईलवर सापडली, चांगल्या गवयाची, स्वच्छ ध्वनिमुद्रण. आत्याच्या गाण्यात नव्हत्या त्या सगळ्या गोष्टी त्यात आहेत: गंधार-निषाद झुलताहेत, दोन स्वरांमधल्या जागा भरलेल्या आहेत, ज्या लिपीत मावत नाहीत. मी अंक मांडीवर घेऊन ऐकत होतो. स्थायी पुन्हा एकदा झाली, मुखडा आला, सम आली आणि श्वासही न घेता गवई थेट अंतऱ्यावर गेला.

मी दचकलो. मोबाईल मागे नेला, स्थायी पुन्हा लावली. सम आल्याबरोबर थांबवला. बोट जिभेला लावून पान उलटलं, आणि मग पुढे चालू केलं.