बिनतारी बोलीची वंशावळ

खडकीचे नाव निघाले की पुणेकराच्या मनात प्रथम उभी राहते ती ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई, तिच्या मागोमाग दारूगोळ्याचा कारखाना, बॉम्बे सॅपर्सची कवायतीची मैदाने आणि मुळेकाठची ती शिस्तशीर छावणी. परंतु याच खडकीचा आणखी एक लौकिक आहे आणि तो फारसा कोणी उच्चारीत नाही. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी विलायतेत बसलेल्या पाचव्या जॉर्ज बादशहांशी शुभसंदेशांची देवघेव करून ज्या ‘बीम’ बिनतारी सेवेचे उद्घाटन केले, तिचे प्रक्षेपणकेंद्र खडकीला आणि ग्रहणकेंद्र दौंडला होते. खडकीहून सुटलेला शब्द इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर स्केग्नेसजवळ टिपला जाई आणि ग्रिम्स्बीजवळून निघालेला शब्द दौंडच्या माळावर उतरे. या प्रवासाचे हशील शब्दागणिक पडत असल्यामुळे धनी सावकारसुद्धा तारेचा मजकूर लिहिताना विशेषणांच्या बाबतीत विरक्त होत.

हौशी बिनतारीवाल्यांची, म्हणजे ज्यांना सारे जग ‘हॅम’ म्हणून ओळखते त्या मंडळींची विलक्षण बोली कोठून आली याचा माग काढू लागले म्हणजे खडकीचे ते केंद्र वाटेत भेटतेच. त्याचे कारण मौजेचे आहे. १९१२ साली अमेरिकेत कायदा झाला आणि हौशी लोकांची रवानगी दोनशे मीटरच्या खालच्या लहरींवर करण्यात आली. त्या लहरी दूरच्या संदेशाला निरुपयोगी, असे तज्ज्ञांचे ठाम मत होते. महसूल खात्याने एखाद्याच्या नावे पोटखराबा लावून द्यावा तसाच हा व्यवहार होता. पण नोव्हेंबर १९२३ मध्ये अमेरिकेतील फ्रेड श्नेल आणि फ्रान्समधील लेऑन देलॉय या दोघा हौशी गृहस्थांनी सुमारे शंभर मीटरच्या लहरीवरून अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरून परस्परांशी संभाषण केले. मार्कोनींच्या प्रयोगांनीही त्याच सुमारास तीच साक्ष दिली. आणि त्या पोटखराब्याला असा काही भाव आला की चार वर्षांच्या आत साम्राज्याचा व्यापारउदीम त्याच आखूड लहरींवरून खडकी-दौंडमार्गे चालू झाला.

लहरींच्या बाबतीत व्यावसायिकांनी हौशांचा कित्ता गिरवला खरा, परंतु भाषेच्या बाबतीत देणेकरी हौशीच आहेत. त्यांच्या बोलीतील निम्म्याहून अधिक ऐवज पगारी तारमास्तरांच्या घरचा आहे; तोही बिनतारीच्या जन्माआधीचा, खांबांवरून धावणाऱ्या तारांच्या काळातला. दोन हॅम निरोप घेताना ‘सेवंटी-थ्री’ म्हणतात. १८५७ च्या सुमारास अमेरिकेतील तारमास्तरांत या आकड्याचा अर्थ चक्क ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ असा होता. १८५९ साली वेस्टर्न युनियन कंपनीने एक ते ब्याण्णव आकड्यांची जी संकेतावली तयार केली, तिच्यात तो ‘आदराचा स्वीकार व्हावा’ इतका सोवळा झाला, आणि पुढे ‘सप्रेम शुभेच्छा’ येथे स्थिरावला. प्रेमाची जागा मग अठ्ठ्याऐंशीने घेतली. हा आकडा ज्याने त्याने योग्य त्या व्यक्तीलाच पाठवावा, असा संकेत आहे.

त्र्याहत्तरच का टिकला, हे कागदावर कळत नाही. ते कानाने ऐकावे लागते. मोर्सच्या लिपीत सात म्हणजे दोन दीर्घ आणि तीन ऱ्हस्व, तर तीन म्हणजे तीन ऱ्हस्व आणि दोन दीर्घ: डा डा डि डि डिट, डि डि डि डा डा. उलट वाचले तरी तेच, सुलट वाचले तरी तेच. आपल्याकडच्या विलोमकाव्यातील चरणासारखा हा ध्वनी हाताखालून असा काही घरंगळत जातो की निरोपाची ही लकेर घेताना जुन्या, कसलेल्या चालकाचे मनगट क्षणभर सैल पडलेले दिसते. त्या मनगटाच्या ढबीलाही या बोलीत नाव आहे. तिला ‘फिस्ट’ म्हणतात, आणि नाव सांगण्यापूर्वीच नुसत्या ठेक्यावरून पलीकडचा माणूस ओळखणारे कान या छंदात आजही आहेत.

आकड्यांत भावना कोंबण्याची ही रीत आपल्याला परकी वाटण्याचे काही कारण नाही. ज्या भाषेने साष्टांग नमस्कारासह अख्खी विनंती ‘सा. न. वि. वि.’ या चार अक्षरांत बसवली आणि ‘रा. रा.’ एवढ्यावर समोरच्याची मान्यता भागवली, तिला त्र्याहत्तरचे कौतुक ते किती वाटावे! शिवाय आपल्या तारखात्यानेही शुभेच्छांना अनुक्रमांक दिलेच होते. लग्नघरी येणाऱ्या तारेत दीर्घ आणि सुखी वैवाहिक जीवनाचे जे चिंतन असे, ते पाठवणाऱ्याने केवळ ‘आठ’ या आकड्याने केलेले असे. आणि आशीर्वाद अधिक भरघोस हवा असेल तर सोळावा क्रमांक होताच. मंगलाष्टके आटोपल्यावर त्या तारा मोठ्याने वाचून दाखवल्या जात, तेव्हा मांडवातल्या कोणालाही आपण एक आकडा ऐकत आहोत असे वाटत नसे.

तारमास्तरांनी केवळ शुभेच्छाच दिल्या असे मात्र नाही. शिव्याही दिल्या, आणि या बोलीचा खरा रंग तेथेच आहे. ‘हॅम’ हा शब्द मूळचा अपमानाचा. ज्याचा हात जड, ज्याची अक्षरे एकमेकांच्या अंगावर पडतात, असा अडाणी तारमास्तर म्हणजे हॅम. विसाव्या शतकाच्या आरंभी घरच्या घरी यंत्रे जुळवणारी पोरे हवेत धुडगूस घालू लागली आणि जहाजांचे व बंदरांचे संदेश त्यांच्या गोंगाटात बुडू लागले, तेव्हा पगारी लोकांनी चिडून तोच शब्द त्यांच्या तोंडावर फेकला. आणि पोरांनी तो झेलून पदकासारखा छातीवर लावला. पुढे हे पदक कुलीन दिसावे म्हणून त्याच्या उत्पत्तीच्या कहाण्याही रचल्या गेल्या. हार्वर्डच्या तीन विद्यार्थ्यांच्या आडनावांची आद्याक्षरे जुळून हा शब्द झाला, ही त्यांतली सर्वांत लोकप्रिय. आणि तिला पुरावा असा काहीच नाही. वंशावळीत एखादा राजपुरुष घुसवण्याचा मोह केवळ आपल्या इनामदारांनाच होता असे नाही, एवढेच यावरून म्हणावे. ‘लिड’ हा दुसरा अपशब्द मात्र अपमानच राहिला. वाईट चालकाला तो आजही ऐकवतात आणि तो कोणी मिरवत नाही.

‘क्यू’ने सुरू होणाऱ्या त्रिवर्णी संकेतांचे गोत्र निराळे, ते सरकारी दप्तरातले. जहाजे निरनिराळ्या राष्ट्रांची, त्यांवरील चालकांच्या भाषा निरनिराळ्या. तेव्हा नित्याच्या प्रश्नोत्तरांसाठी इंग्रज सरकारने तयार केलेली ही यादी १९१२ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने सर्वांना लागू केली. त्या यादीतील रुक्ष नोंदींचे हौशांनी काय करून टाकले आहे, ते ऐकण्यासारखे आहे. ‘क्यूटीएच’ म्हणजे ठिकाण: “माझा क्यूटीएच खडकी,” असे कोणी सांगतो. ‘क्यूआरएम’ म्हणजे दुसऱ्या केंद्राचा व्यत्यय. पण स्वयंपाकघरातून हाक आली की तीही क्यूआरएमच. ‘क्यूआरटी’ म्हणजे प्रक्षेपण थांबवणे, आणि जेवायला उठणाराही क्यूआरटीच करतो. ‘क्यूएसएल’, म्हणजे संदेश पोचल्याची पावती, हिचे तर पोस्टकार्ड झाले, आणि देशोदेशींची अशी कार्डे भिंतीवर लावलेली खोली म्हणजे ‘शॅक’. जहाजाच्या डेकवर बिनतारीवाल्यासाठी जी लाकडी खोपटी बांधीत तिचे हे नाव. पुण्यात ते बहुधा काचा लावून बंदिस्त केलेल्या गॅलरीला लाभते. तेथे एक टेबल, त्यावर जुन्या बाजारातून रविवारी घासाघीस करून आणलेला डिस्पोजलचा जडशीळ संच, तापकीर गल्लीतून जमवलेले सुटे भाग आणि परवान्याच्या अटींप्रमाणे राखलेली नोंदवही असते.

या बोलीत नातीही ठरलेली. प्रत्येक पुरुष ‘ओएम’, म्हणजे ‘म्हातारबुवा’, मग तो कालच परवाना मिळालेला अठरा वर्षांचा मुलगा का असेना. आणि प्रत्येक स्त्री ‘वायएल’, म्हणजे तरुणी, मग ती पणजी झालेली असली तरी. पत्नी मात्र ‘एक्सवायएल’, माजी तरुणी! हा विनोद पुरुषांच्या गोतावळ्यात जन्मला हे सांगायला नको, आणि माझ्या मते तो आता निवृत्त व्हावा. तरीही ज्या घरांतून बायकोचा उल्लेख ‘आमची मंडळी’ असा अनेकवचनी होत असे, त्यांतल्या माणसाने इंग्रजी अक्षरांना फार नावे ठेवू नयेत.

सांकेतिक भाषा म्हटली की आपल्याला करपल्लवी आठवते, किंवा उपरण्याखाली बोटे चाचपून भाव ठरवणारे आडत्ये आठवतात; तिसऱ्याला कळू नये हाच त्या भाषांचा हेतू. हौशी बिनतारीला याच गोष्टीची मनाई आहे. तिच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अर्थ लपवणारी गुप्त लिपी वापरता येत नाही. क्यूचे संकेत चालतात, कारण ते छापील आणि सर्वांना खुले आहेत. म्हणून या मंडळींचा पहिला प्रश्न ‘तुमचा क्यूटीएच कोणता?’ हाच असतो. १९३९ साली महायुद्ध पेटताच सरकारने हौशी परवाने रद्द केले, आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ सुरू केला तेव्हा त्याचे यंत्र उभारणारा नरिमन प्रिंटर हा असाच एक हौशी. पण ते केंद्र आपला पत्ता ‘भारतातून कोठून तरी’ एवढाच सांगे. जिचा पहिला शिष्टाचार ठिकाण सांगण्याचा, त्या विद्येला पत्ता लपवण्यासाठी राबावे लागले, यावरून ते दिवस कसे होते ते कळते.

ज्यांनी ही बोली घडवली ते तारमास्तर आता राहिले नाहीत. १४ जुलै २०१३ च्या रात्री आपल्या देशातील तारसेवा बंद झाली. त्यांच्या संकेतावलीत तीस हा आकडा ‘समाप्त’ या अर्थी होता. जुन्या अमेरिकी मोर्समधील त्याचे ठोके एकमेकांना चिकटून आजच्या लिपीत ‘एसके’ असे ऐकू येतात, आणि संभाषण संपल्याची ती खूण दिवंगत चालकाच्या नावापुढे लागली की तिचाच विस्तार ‘सायलेंट की’ असा होतो. पगारी लोकांनी घाईपोटी आणि काटकसरीपोटी जे शब्द पाडले, ते जतन झाले ते शब्दामागे छदामही द्यावा न लागणाऱ्या आणि वेळ भरपूर असलेल्या लोकांकडे. त्यांच्यात नवी भरतीही होते. खडकीपासून जवळच, शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा किलोभरापेक्षा कमी वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला, तो हौशी बिनतारीवाल्यांचे निरोप या ठिकाणाहून त्या ठिकाणी पोचवण्याच्या उद्देशानेच.

आणि जेथे नवी भरती, तेथे शुद्धलेखनाचा तंटा आलाच. अडाण्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पंथात आता वैयाकरणही निपजले आहेत. एका सकाळी चाळीस मीटरवर मराठी गप्पा ऐकत होतो. एका तरुणाने निरोप घेताना ‘सेवंटी-थ्रीज’ म्हटले, आणि एका ज्येष्ठ आवाजाने त्याला तेथेच अडवले: “ओएम, सेवंटी-थ्री हेच मुळात अनेकवचन आहे, त्याला आणखी ‘एस’ कशाला?”

“मग एकच शुभेच्छा द्यायची असेल तर काय म्हणू, सर? साडेछत्तीस?”

“छत्तिसाचा आकडा आला की शुभेच्छा कसल्या!” असे ज्येष्ठ म्हणतात न म्हणतात तोच बारामतीहून कोणीतरी “ब्रेक, ब्रेक” करीत मध्ये शिरला आणि आपला सिग्नल कसा येतो आहे ते विचारू लागला.