बांधावरचा बिवळा

आमच्या भाताच्या बांधावर एक बिवळ्याचे झाड आहे. ते पणजोबांच्या वेळचे आहे. मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी हात धरले तर त्याला कसाबसा वेढा पडतो. बिवळ्याचे लाकूड फार टणक असते. त्याचे खांब आणि दरवाजे करतात. खोडाला घाव लागला तर रक्तासारखा लाल चीक येतो.

पाऊस संपता संपता त्याला पिवळी फुले येतात. मग चपटी, गोल फळे धरतात. मध्ये कठीण बी आणि भोवती कागदासारखी पातळ कड. वाळलेले फळ वाऱ्यावर गरगरत जाते. मी एका रविवारी पावले मोजली. सर्वांत लांबचे फळ १२० पावलांवर, ओढ्यापलीकडे सापडले!

गुरुजी म्हणाले, झाडाला पाय नसतात, म्हणून ते बी लांब पाठवते. सगळी रोपे आईच्या खालीच रुजली तर त्यांना ऊन कसे पुरणार? ऐनाच्या फळाला पाच पंख असतात. सागाचे फळ फुगीर, पातळ पिशवीत असते. ते वाऱ्याने आणि पाण्याने जाते. त्याचे कवच एवढे टणक, की रोपवाटिकेत ते आळीपाळीने भिजवतात आणि वाळवतात, तेव्हा रुजते. जांभळाला पंख नाहीत, पण गोड गर आहे. पाखरे, वटवाघळे आणि उदमांजरे तो खातात आणि बी दुसरीकडे टाकतात.

पण नुसते उडून काय होणार? बी पडते तेव्हा सड्यावरचे गवत वाळलेले असते. गेल्या वर्षी वणवा लागला. नंतर आम्ही गेलो तर राखेत अर्धी जळालेली फळे होती. ऐनाचे तर आणखी वेगळेच. भाजावळीसाठी दरवर्षी त्याची कवळे तोडतात. आजोबा म्हणतात, "बाय, बोडका ऐन बी कुठनं देनार?" म्हणून ते एक ऐन कधीच तोडत नाहीत.

यंदा एक व्यापारी बिवळा विकत मागायला आला. आमच्या घराचे छप्पर गळते, त्यामुळे पैसे पाहिजेत. गुरुजींनी सांगितले, १९६४ च्या कायद्याप्रमाणे बिवळा, साग, ऐन अशी झाडे स्वतःच्या जागेतली असली तरी तोडायला परवानगी लागते. बाबा म्हणाले, "परवानगी काढता येईल." आजोबा म्हणाले, "परवानगी मिळंल, पन दुसरा बिवळा कुठं हाय?"

मग आम्ही चौघीजणी सगळी वाडी फिरलो. दुसरा मोठा बिवळा दिसला नाही. पण ओढ्याच्या काठी ओल असते, तिथे वणवा पोचला नव्हता. तिथे तीन रोपे मिळाली, माझ्या गुडघ्याएवढी. मी बाबांना नेऊन दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "काजू निघू दे, मग छपराचं बघू." अजून त्यांनी व्यापाऱ्याला हो म्हटलेले नाही.

पालकांना आमची विनंती आहे, की भाजावळ करताना वारा बघा आणि कडेचे गवत आधी काढा. मुलांनो, येत्या रविवारी आम्ही त्या तीन रोपांभोवतीचे गवत काढणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी विळा घेऊन सकाळी आठ वाजता ओढ्यावर यावे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी