घरगुती कारणास्तव

माझ्या लॅपटॉपवर 'निवांत_व्ही४' नावाचं एक शीट आहे. त्यात सात टॅब आहेत. विमानं, बोटी, भरती-ओहोटी, राहणं, औषधं, बजेट आणि 'काही बिघडलं तर'. आठ दिवस काहीही न करण्यासाठी मी गेल्या दोन महिन्यांत जेवढं काम केलंय, तेवढं ऑफिसच्या मागच्या रिलीजलाही केलं नव्हतं.

सुरुवात सप्टेंबरमध्ये झाली. ऑन-कॉलचा आठवडा होता. रात्री तीन वाजता फोन वाजला, सर्व्हर सावरला, पुन्हा झोपलो. सव्वाचारला परत तेच. सकाळी चहा ओतताना कप हातात थरथरतोय हे लक्षात आलं आणि छातीत धडधड सुरू झाली. ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, "आराम करा." मी विचारलं, म्हणजे नक्की काय करू? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पाणी कसं प्यायचं विचारतोय.

मग मी मला येतं ते केलं. शीट उघडलं.

एकट्यानं जायचं नव्हतं. आई-पप्पांना घेऊन जायचं ठरवलं, आणि इथूनच गोष्ट किचकट झाली. आई सांगलीत विश्रामबागला मेस चालवते. एकोणीस वर्षं. सध्या बेचाळीस डबे आहेत, बहुतेक इंजिनिअरिंगची पोरं. पप्पा कारखान्यातनं निवृत्त झाल्यापासून स्कूटरवरून डबे पोचवतात. आई पहाटे साडेचारला उठते. विश्रामबागेत राहून विश्राम नाही हा विनोद आमच्या घरी इतक्यांदा झालाय की आता त्यावर कुणी हसत नाही.

कोकण मी पहिल्या झटक्यात बाद केलं. तीन वर्षांपूर्वी आम्ही तारकर्लीला गेलो होतो, एका घरगुती ठिकाणी उतरलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आई खोलीत नव्हती. शोधलं तर मालकिणीच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून नारळ खवत होती. "तिची सून माहेरी गेलीय रे, एकटीच आहे बिचारी." दोन दिवसांत ती समुद्रावर एकदा आली, तेही बाजारातून येताना वाटेत लागला म्हणून. तेव्हा निकष पक्का झाला: आईला पटकन परत येता येणार नाही इतकं लांब, आणि समुद्राखेरीज फार काही नसेल इतकं लहान. लक्षद्वीप पाहिलं, पण तिथं परवाना लागतो, आणि आमच्या तारखांना राहायची सोय जुळेना. उरलं अंदमान, आणि अंदमानात नील बेट.

फोनवर आईला सांगितलं. ती एक क्षण गप्प बसली आणि म्हणाली, "काळ्या पाण्याला? आपण काय केलंय?"

हे हिंदीत किंवा बंगालीत वाढलेल्या माणसाला कितपत कळेल माहीत नाही. मराठी घरात अंदमान म्हणजे सेल्युलर जेल, कोलू आणि सावरकर. आईनं 'माझी जन्मठेप' शाळेत असताना वाचलेलं. तिच्या डोक्यातलं अंदमान म्हणजे एक खोली, वर एक छोटी खिडकी. तिथं निळं पाणी आणि पांढरी वाळू असते हे तिला फोटो दाखवूनही पटेना. मी तिला सांगितलं की तुरुंग १८९६ ते १९०६ या काळात बांधला, सात विंगांपैकी आता तीनच उरल्यात, आपण एक दिवस तो बघू आणि मग बोटीनं पुढे जाऊ. पप्पा मागून म्हणाले, "जेल आधी बघायचं की नंतर?" आधी. नंतर बघून घरी परतलो तर सुट्टीची चव जाईल, असं त्यांचं म्हणणं. शीटमध्ये बदल केला.

नील पोर्ट ब्लेअरपासून बोटीनं दीड-दोन तासांवर आहे. पोर्ट ब्लेअरचं सरकारी नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आणि नीलचं २०१८ पासून शहीद द्वीप, पण बुकिंग करताना जुनी-नवी दोन्ही नावं शोधावी लागतात. 'नील' हे १८५७चा उठाव क्रूरपणे मोडणाऱ्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याचं नाव, त्यामुळे ते गेल्याचं मला दुःख नाही. गावांची नावं मात्र ऐकून आई पहिल्यांदा जरा सैलावली: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. "म्हणजे सगळं रामायणच आहे की." फाळणीनंतर पूर्व बंगालमधून विस्थापित झालेल्या कुटुंबांना सरकारनं या बेटांवर जमिनी दिल्या. जंगल तोडून त्यांनी भात आणि भाजीपाला लावला. आजही पोर्ट ब्लेअरच्या बाजारात नीलची भाजी जाते. मी हे सहज सांगितलं आणि आई एकदम सरसावून बसली. भाजी कुठली? बोटीनं जाते म्हणजे टिकते कशी? तिथं भेंडी काय भावानं असेल?

दोन महिन्यांत तिनं या सहलीबद्दल विचारलेले हे पहिले प्रश्न होते. मी प्रवाळ दाखवत होतो, तिला भेंडी पाहायची होती.

आता जरा सूर्याबद्दल, कारण या टॅबवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. आख्ख्या देशाला एकच घड्याळ आहे आणि ते ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलंय. सांगली साधारण ७४.५ अंशांवर, नील ९३ च्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरली तर तिथला सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास पुढे. म्हणजे फेब्रुवारीत पाच-सव्वापाचला उजाडायला लागणार आणि साडेपाचच्या आत मावळणार. माझ्यासारखा माणूस अकराला उठून, नाश्ता करून, रील्स बघून दुपारी किनाऱ्यावर गेला तर त्याच्या वाट्याला अंधार येणार. मी हे आईला तक्रारीच्या सुरात सांगितलं. ती म्हणाली, "चांगलंय की. माझ्यासारखंच उठतंय ते बेट."

भरती-ओहोटीचंही तसंच. जेट्टीशेजारचा भरतपूरचा किनारा ओहोटीला पार उघडा पडतो, प्रवाळ आणि खडक वर येतात, पोहता येत नाही. लक्ष्मणपूरकडचा खडकाचा नैसर्गिक पूल मात्र ओहोटीलाच चालत जाऊन बघायचा असतो. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि वेळ रोज पाऊण तासापेक्षा जास्त पुढे सरकते. मी चार दिवसांचा तक्ता केला, रंग दिले, निळा म्हणजे पोहणं, करडा म्हणजे खडक. मग लक्षात आलं की मी समुद्राचं कॅलेंडर ब्लॉक करतोय.

बोटींचा टॅब हा खरा धोक्याचा. हवा बिघडली तर बोटी रद्द होतात. त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी नीलवर असणं म्हणजे जुगार. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवायची. कुणी या भानगडीत पडणार असेल तर एवढं एक ऐका, बाकी काही नाही ऐकलं तरी चालेल. खासगी कॅटामरान भराभर नेतात, एसी असतो, पण आत खुर्चीला खिळून बसायचं. सरकारी बोट संथ आणि स्वस्त, आणि डेकवर उभं राहता येतं. पप्पांनी सरकारी निवडली. एकोणीस वर्षांची एसटी आणि स्कूटर झाल्यावर त्यांना दोन तास वाऱ्यात उभं राहायचंय. ॲव्होमिनच्या गोळ्या औषधांच्या टॅबमध्ये आहेत.

मग एका शनिवारी सांगलीला गेलो, आईला बजेट दाखवायला. विमानं, बोटी, राहणं, जेवण मिळून तिघांचा सव्वा लाख. पैसे माझेच जाणार होते, त्यामुळे तिनं नुसतं बघून मान डोलवावी अशी माझी अपेक्षा. तिनं चष्मा लावला आणि विचारलं, "यात मावशींचं कुठंय?"

कुठल्या मावशी?

चपात्या लाटायला दोघीजणी येतात. साडेतीनशे रोज. मेस आठ दिवस बंद राहिली तर त्यांचा आठ दिवसांचा रोज बुडणार. आईचं म्हणणं, सुट्टी आपण घेतोय, त्यांनी मागितलेली नाही. दोघींचे मिळून ५,६०० रुपये. शिवाय बेचाळीस पोरांचे महिन्याचे २,८०० प्रमाणे आठ दिवसांचे वजा करायचे, ते एकतीस हजारांच्या वर. किराणा वाचतो, पण तो काही सगळा नाही वाचत. माझ्या सात टॅबमध्ये या गोष्टीची एकही ओळ नव्हती. मी भरतीची वेळ मिनिटापर्यंत काढली होती. ज्या दोन बायकांच्या हातच्या चपात्या मी दर सुट्टीत खातो, त्यांना मी हिशेबात धरलंच नव्हतं.

आणि त्या रात्री झोपताना आणखी एक गोष्ट खुपायला लागली. गेली सहा वर्षं मी दिवाळीला, गणपतीला घरी येतो, दहा-अकरापर्यंत लोळतो, उठलं की पोहे तयार असतात. मित्रांना सांगतो, घरी जाऊन मस्त आराम झाला. ते दिवस आईच्या बाजूनं पाहिले तर बेचाळीस अधिक एक एवढाच त्यांचा अर्थ होता. माझ्यासाठी कुणीतरी शीट न बनवता हे सगळं करत होतं.

सकाळी मी आईला म्हटलं, "तुझ्यासाठीच चाललोय आपण." ती परातीत कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्यासाठी म्हणून नको. तुला बरं नाहीये, तुला जायचंय, मी सोबतीला येतेय. असं म्हण म्हणजे मला यायला बरं पडेल."

मी तिला डॉक्टरकडे गेल्याचं सांगितलं नव्हतं. पप्पांना सांगितलं होतं, आणि कुणाला सांगू नका म्हटलं होतं. आमच्या घरात याचा अर्थ आईला सांगा असाच होतो.

ऑफिसात रजा मागितली तेव्हा लॅपटॉप सोबत नेशील ना, असं विचारण्यात आलं. मला वाटलेलं, बेटावर रेंज नसेल, आपोआप सुटका होईल. पण २०२०च्या ऑगस्टमध्ये चेन्नईपासून समुद्राखालून सुमारे २,३०० किलोमीटरची केबल अंदमानला पोचली, आणि तेव्हापासून इंटरनेट मिळत नाही ही सबब कमकुवत झालीय. लहान बेटांवर रेंज येते-जाते, एवढंच. गंमत म्हणजे मला रेंज नको होती आणि आईला हवी होती. तिच्या मेसमधल्या एका पोराला सारखा ताप येतो, त्याचा फोन लागला पाहिजे. मी शेवटी लॅपटॉप नेणार नाही असं मेलमध्ये लिहून टाकलं. पाठवायला वीस मिनिटं लागली. उत्तर आलं, 'ओके'. वीस मिनिटं मी कशाला घाबरत होतो, ते अजून कळलेलं नाही.

नीलवरच्या चार दिवसांचे कॉलम मी नंतर पुसले. सीतापूरचा सूर्योदय, काचेच्या तळाची बोट, स्नॉर्कलिंग, सगळं. एकच ओळ ठेवली, पहिल्या सकाळी भाजीबाजार. भरतीचा तक्ता मात्र ठेवलाय. तेवढा राहू दे.

गेल्या आठवड्यात आईनं दारावरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं: 'दि. ५ ते १२ फेब्रुवारी घरगुती कारणास्तव मेस बंद राहील.' मी म्हटलं, सुट्टी लिही ना. ती म्हणाली, बरं दिसत नाही. इतक्या वर्षांत मेस दोनदाच बंद राहिली होती, आजी गेली तेव्हा आणि २०१९च्या महापुरात गावभर पाणी भरलं तेव्हा. त्यामुळे व्हायचं तेच झालं. संध्याकाळपर्यंत सात-आठ पोरं दारात. काकू, सगळं ठीक आहे ना? काकांची तब्येत? एकानं तर घरून फोन लावून दिला, त्याच्या आईला माझ्या आईशी बोलायचं होतं, काही मदत लागली तर. आई लाजेनं लालबुंद.

दुसऱ्या दिवशी तिनं ओल्या फडक्यानं मधले दोन शब्द पुसले आणि खाली लिहिलं: 'आम्ही अंदमानला चाललो आहोत.' तासाभरानं पप्पा डबे देऊन आले, त्यांनी फळा वाचला, खडू उचलला आणि पुढे 'फिरायला' असं घातलं.

एका पोरानं विचारलं, "काकू, मग आठ दिवस आम्ही खायचं काय?"

"ते तुमचं तुम्ही बघा," आई म्हणाली. तिला असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

रात्री पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात दिवा चालू. आईनं दोन किलो शेंगदाणे भाजून परातीत पसरले होते. पोरांना चटणी करून ठेवतेय म्हणाली, प्रत्येकाला एक पुडी, नुसत्या ब्रेडबरोबर तरी खातील. मी तिला झोप म्हणणार होतो. मग समोर बसलो आणि सालं काढायला लागलो. ती माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "आता थरथरत नाहीत ना?"

"नाही."

"मग जरा भराभर चोळ."