सासूबाईंचा फोटो



सासूबाई गेल्या तेव्हा भिंतीवर लावायला एकच फोटो डोळ्यांसमोर होता, कुंथलगिरीच्या पायऱ्यांवरचा. आमच्या ईटसारखीच कुंथलगिरीही भूम तालुक्यातली. 1955 मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना तिथे झाली, तेव्हा त्या दर्शनाला गेल्या होत्या. शेवटपर्यंत सांगायच्या. फोटो मात्र नंतरचा.

कागदी प्रत वाळवीने खाल्ली. त्याआधी मी तिचा मोबाइलवर फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता, आणि फोन भरला म्हणून माझ्याकडचा पुसून टाकला. वर अपरिग्रहाचा आव!

फोटोवाल्याने ग्रुपवरचा मोठा केला, तर चेहराच पुसट. मी कॉमर्सची, हिशोब मांडून बसले. स्वच्छ छपाईला इंचाला 300 ठिपके लागतात, म्हणजे 8 बाय 10 इंचाला 2400 बाय 3000. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो आपोआप लहान होतो, लांब बाजूला साधारण 1600 ठिपके उरतात. झाले पाच इंच!

आता जपायचे फोटो मी 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवते, ते आहेत तसे जातात. नातवाच्या बँक परीक्षेच्या अर्जाला 20 ते 50 केबीचा फोटो हवा होता, तेव्हा आधी दुसरी प्रत केली, मग तीच लहान केली. तो हसला. हसू दे.

सासूबाई आता पाच इंची चौकटीत आहेत. लांबून ओळखू येत नाहीत. सकाळी माळ घेऊन बसताना मी पाट तिथेच ओढते.