बर्फावरचा झाडू

मिनेसोटात येऊन सहा वर्षं झाली, पण हिवाळी ऑलिंपिक मी यंदा, २०१८ साली, पहिल्यांदा पाहिलं. साताऱ्याच्या माणसाचा बर्फाशी संबंध गोळेवाल्यापुरताच! फेब्रुवारीतली थंडी, मुलाला ताप, नवरा कामासाठी बाहेरगावी. टीव्ही लावला, तर चांगले दाढीमिशीवाले बाप्ये बर्फावर झाडू मारताहेत!

तो खेळ म्हणजे कर्लिंग. सुमारे वीस किलोचा ग्रॅनाइटचा दगड बर्फावरून घसरत सोडायचा आणि समोरच्या वर्तुळात थांबवायचा. थोडं आपल्या कॅरमसारखं. एक जण दगड सोडतो, दोघे त्याच्यापुढे ब्रशने बर्फ घासत पळतात. त्याने घर्षण कमी होतं आणि दगड जरा लांब, जरा सरळ जातो. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "झाडू मारायला मेडल? मग मला किती द्यावी लागतील गं!"

अमेरिकेचा कर्णधार जॉन शुस्टर आमच्या मिनेसोटाचाच. २०१० साली त्याच्या नेतृत्वाखाली संघ दहांत दहावा आला. लोकांनी चक्क त्याच्या नावाचं क्रियापद केलं, अर्थ 'ऐन वेळी माती खाणे'. २०१४ साली संघ नववा. मग राष्ट्रीय प्रशिक्षणासाठी त्याची निवडच झाली नाही. त्याने आपल्यासारखेच वगळलेले खेळाडू जमवले आणि स्वतःचा संघ उभा केला.

ही गोष्ट मला लागली, कारण नुकतीच मीही माती खाल्ली होती. गेल्या सप्टेंबरात मंडळाचा मराठी वर्ग मी हौसेने अंगावर घेतला. एम.ए. मराठी, शाळेतला पाच वर्षांचा अनुभव; व्हिसामुळे इथे नोकरी करता येत नाही. वाटलं, इथे तरी आपला उपयोग होईल. सुरुवातीला अकरा मुलं होती. दिवाळीनंतर सहा, जानेवारीत दोन, त्यातला एक माझाच. मी वर्ग बंद केला आणि सगळ्यांना थंडीचं कारण सांगितलं. ते खरं नव्हतं. लाजेने हळदीकुंकवालाही गेले नाही.

शुस्टरचा संघ पहिल्या सहांतले चार सामने हरला. संपलं, असं मी म्हणाले, तरी रोज बघत राहिले. मग ते जिंकू लागले. स्वीडनविरुद्धचा अंतिम सामना इथल्या वेळेने शुक्रवारी मध्यरात्रीनंतर होता. आठव्या फेरीत ५–५ अशी बरोबरी असताना शुस्टरच्या शेवटच्या दगडाने स्वीडनचे दोन दगड उडवले आणि एकदम पाच गुण मिळाले. शेवटी १०–७. कर्लिंगमधलं अमेरिकेचं पहिलं सुवर्ण! मुलगा उठू नये म्हणून मी उशीत तोंड खुपसून ओरडले.

पण मनात राहिला तो त्या खेळातला एक नियम. घासणाऱ्याचा ब्रश चालत्या दगडाला लागता कामा नये. दगड ढकलायचा नाही, फक्त त्याच्यापुढची वाट सोपी करायची. आणि मी काय केलं होतं? साताऱ्याच्या शाळेतलं ऱ्हस्व-दीर्घ, पाठांतर, लाल पेन, सगळं जसंच्या तसं इथे आणलं होतं. मुलांना मी ढकलत होते.

सप्टेंबरात वर्ग पुन्हा सुरू केला. पालकांना खरं कारण सांगितलं, ते जड गेलं. आता आम्ही मराठीत कॅरम खेळतो, थालीपीठ लावतो, भारतात आजी-आजोबांना फोन करतो. सात मुलं येतात. पुढे किती टिकतील, माहीत नाही.

परवा एक मुलगा आजोबांना फोनवर कर्लिंग समजावत होता. "आजोबा, ते बर्फावर झाडू मारतात."

"कशाला रे?"

तो अडला. माझ्याकडे पाहू लागला. शब्द माझ्या ओठांवर आला होता, पण मी गप्प बसले.

"दगडाला... जायला मदत होते," तो म्हणाला.