शिडाखालचा संसार

निळंशार पाणी, पांढरी वाळू आणि शीड उभारून निघालेली बोट. कॅरिबियन बेटांचं हे चित्र तुम्ही कॅलेंडरवर कितीदा तरी पाहिलं असेल. त्या बोटीत धुणीभांडी कुठे होतात, कांदेबटाटे कुठे ठेवतात, हे मात्र कॅलेंडरवर दिसत नाही. माझी भाची आणि तिचे यजमान अशाच एका ४० फुटी बोटीत राहतात. २०२४च्या फेब्रुवारीत मी पंधरा दिवस त्यांच्याबरोबर ग्रेनाडापासून सेंट व्हिन्सेंटपर्यंत जाऊन आले. सूर्यास्ताची वर्णनं पुष्कळांनी केली आहेत. मी आपली घर कसं चालतं ते सांगते.

ग्रेनाडा, कॅरिअकू, युनियन, बेक्विया, सेंट व्हिन्सेंट ही बेटं माळेतल्या मण्यांसारखी दक्षिणोत्तर ओवलेली आहेत. डिसेंबर ते मे पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात. शाळेच्या भूगोलात घोकलेले तेच हे वारे, बरं का! वारा कुशीवर घेऊन चार-पाच तासांत पुढचं बेट गाठायचं. कॅरिअकूवरून युनियन बेट समोर दिसतं, पण तेवढ्यात देश बदलतो. म्हणून पिवळं निशाण लावायचं, कागदपत्रं घेऊन कचेरीत जायचं, शिक्के घ्यायचे, मग त्या देशाचा झेंडा चढवायचा.

आता पाणी. टाकी ४०० लिटरची. आपल्याकडे नळ गेला तर शेजारणीकडे बादली घेऊन जाता येतं. इथे शेजारीण म्हणजे दुसरी बोट, आणि तिचीही टाकी तेवढीच! नळ पायाने दाबायच्या पंपाचा, म्हणजे विसरून वाहता राहायची भीतीच नाही. पाणी स्वच्छ असेल तिथे भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची आणि शेवटी गोड्या पाण्याचा हात फिरवायचा. आंघोळ म्हणजे समुद्रात डुंबणं आणि वर दोन तांबे गोडं पाणी. कपडे मात्र गोड्या पाण्यातच पिळावे लागतात, कारण मीठ हवेतली ओल ओढतं आणि कपडा कधी खडखडीत वाळतच नाही. खारं पाणी गोडं करायचं यंत्र आहे. पण ते उन्हाच्या विजेवर चालतं, म्हणजे ढग आले की काटकसर. पावसाची सर आली की भाची सगळं टाकून धावते, कनातीखाली बादल्या लावायला!

स्वयंपाकघर म्हणजे आपल्या फडताळाएवढं. शेगडी पाळण्यासारखी टांगलेली असते. बोट कलली तरी ती सपाट राहते आणि भांड्यातली आमटी जागची हलत नाही. हलतो तो स्वयंपाक करणाराच, म्हणून त्याच्या कमरेला पट्टा! प्रेशर कुकर तर हवाच. झाकण घट्ट, सांडायची भीती नाही, गॅसही वाचतो. गॅसचं एक लक्षात ठेवा, ते घरीही उपयोगी पडेल. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर बोटीच्या तळाशी साचतो आणि एक ठिणगी पुरते. म्हणून सिलिंडर बाहेर डेकवरच्या वेगळ्या कप्प्यात ठेवतात आणि स्वयंपाक झाला की तिथूनच बंद करतात. पुठ्ठ्याचे खोके बोटीवर चढूच देत नाहीत, त्यांत झुरळांची अंडी असतात. न धुतलेली ताजी अंडी फ्रिजशिवाय दोन-तीन आठवडे टिकतात, अधूनमधून उलटी करायची एवढंच. शीड ओढायला दोघंही असतात. पण कांदे किती उरलेत हे कुणाला ठाऊक असतं, ते मी सांगायला नकोच.

बाजारात गेलं की परकेपणा निम्मा सरतो. तिथलं ‘कॅलालू’ म्हणजे चक्क अळू! दाणे-डाळ सोडून बाकी सगळं आपल्या फदफद्याच्या जवळचं. नीरफणस आहे, तो कॅप्टन ब्लायने १७९३ साली सेंट व्हिन्सेंटला आणला, गुलामांना स्वस्तात पोसायला. १८५७पासून ग्रेनाडात आपल्याकडचे मजूर करारावर नेले. त्यांची ‘रोटी’, म्हणजे रश्शातली भाजी गुंडाळलेली पोळी, आज तिथे सगळेच खातात. जायफळ तर ग्रेनाडाच्या झेंड्यावरच आहे. कॅरिअकूच्या बाजारातली एक म्हातारी भाचीला दर खेपेस अळूच्या जुडीबरोबर एक जायफळ फुकट द्यायची.

जूनपासून नोव्हेंबरअखेर वादळांचे दिवस. त्या काळात बोटवाले दक्षिणेला सरकतात. विमा कंपन्यांचीही बहुधा तशी अट असते. ग्रेनाडा वादळांच्या वाटेबाहेर आहे, असं पुष्कळ वर्षं मानत. ७ सप्टेंबर २००४ला ‘आयव्हन’ आलं आणि बेटावरची बहुतेक घरं मोडली. जायफळाच्या बागा झोपल्या. नवं झाड फळावर यायला सहा-सात वर्षं तरी लागतात. मग १ जुलै २०२४ला ‘बेरिल’ थेट कॅरिअकूवर आदळलं. टिरेल बेच्या खारफुटीत आसऱ्याला बांधलेल्या बोटीसुद्धा एकमेकींवर आपटून फुटल्या. भाचीची बोट तेव्हा त्रिनिदादला होती, म्हणून वाचली. एक रात्र शीड हाकलं की तिचं घर ८० मैल दक्षिणेला जातं. म्हातारीचं घर जागचं हलणार कसं?

डिसेंबरात ती दोघं परत कॅरिअकूला गेली, तेव्हा ताडपत्र्या, खिळे आणि डाळ-तांदूळ भरून घेऊन गेली. डोंगरावरची घरं बिनछपराची, झाडांना फांद्या नाहीत. म्हातारी बाजारात होती, निळ्या ताडपत्रीखाली. जायफळ नव्हतं. अळू मात्र ओढ्याकाठी पुन्हा फुटलं होतं. जुडी तिने जुन्याच भावाला दिली.